करंगळी हवेत राहते

सुमनकाकू कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती तोलून पाहायच्या. कपाटाला इथे आयर्लंडमध्ये ‘प्रेस’ म्हणतात, हे त्यांना कळलं त्याच दिवशी त्यांनी माझ्या प्रेसमधलं लाटणं काढून तळहातावर तोललं आणि म्हणाल्या, “वजन पुढं जाऊन राह्यलं याचं. मनगट दुखन तुझं.” नागपूरच्या पोलीस खात्यात त्यांनी आयुष्यभर शस्त्रं शिकवली होती. निवृत्तीनंतर त्या इथे लिक्सलिप गावी मुलाकडे आल्या होत्या. तो आणि मी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एकाच कारखान्यात इंजिनिअर.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात एका भारतीय माणसाला मारहाण झाली आणि मी संध्याकाळी ट्रेनने घरी येणं सोडून दिलं. अमेरिकेतल्या मावसभावाने एका छोट्या पिस्तुलाचा व्हिडिओ पाठवला होता. रोज जवळ बाळगायला उत्तम, म्हणे. आयर्लंडमध्ये स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होते. शेवटी काकूंना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. “मूठ आखूड आहे. करंगळी हवेत राह्यते. हलकं आहे म्हणून उसळते, अन् दुसरी गोळी भलतीकडंच जाते. खिशात मावते, हे खरं. पण वेळेवर हातात येईन का?”

मग त्यांनी खात्यातली गोष्ट सांगितली. साध्या वेशातल्या महिला पोलिसांसाठी असंच एक पिस्तूल पारखायला आलं होतं. मोठ्या साहेबांनी मैदानावर गोळ्या झाडल्या आणि लगेच पसंत केलं. काकूंनी मात्र ते कमरेला लावून भाजी आणली, स्कूटर चालवली, रिक्षातून फिरल्या. ओढणीत अडकलं, बसल्यावर रुतलं. नंतर रिकामं पिस्तूल साहेबांच्याच कमरेला लावून त्यांना खुर्चीत बसवलं, मांडीवर भाजीची पिशवी दिली आणि एका शिपाई मुलीला त्यांच्या अंगावर धावून जायला सांगितलं. साहेबांचा हात मुठीला लागायच्या आत मुलीने त्यांचं मनगट धरलं होतं.

“साहेब हसले का?” मी विचारलं.

“आधी नाही. पण पोरींच्या सरावाचे तास वाढवूनच उठले. पिस्तूल मागून आलं, अन् तेही दुसरं.”

“मग मी काय बाळगू, काकू?”

“तुझा आवाज कुठाय? तो काढ आधी.”

दुसऱ्या दिवसापासून काकू मला कालव्याकाठी उभं करून ओरडायला लावू लागल्या. पाय रोवून, पोटातून, एकच हुकूम: ‘मागे हो!’ माझ्या घशातून नुसता चिरका आवाज निघायचा. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी थांबून विचारलं, “सगळं ग्रँड आहे ना?” ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’. काकूंनी त्यांना ऐटीत उत्तर दिलं, “ग्रँड, ग्रँड,” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुन्हा. हे तर विनंती केल्यासारखं वाटून राह्यलं.”

काकू नागपूरला परतल्या तोवर मी पुन्हा ट्रेनने येऊ लागले होते. एका संध्याकाळी फलाटावर एक दांडगा माणूस एका फिलिपिनो नर्सची वाट अडवून तिला काहीबाही बोलत होता. माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. मी उठले, पाय रोवले आणि ओरडले, “मागे हो!” मराठीत. त्याला शब्द कळले नसतील, पण तो मागे सरला. त्या आवाजाने बाकांवरची माणसं उठली, दोघी-तिघी नर्सच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. तो पुटपुटत जिना चढून गेला. नर्सने माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही दोघी कारण नसताना हसत सुटलो.

घरी पोचल्याबरोबर काकूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हात थरथरले का?”

“अजून थरथरताहेत, काकू.”

“थरथरू दे. माझे तर दर वेळी थरथरायचे.”