काकांचा पिवळा दिवा

काकांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि त्यांना हायसं वाटलं. काकूला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बहीण घरात पडून होती. पण तिथे साडू काकांना गाठून प्रवासाचे फोटो दाखवत, एकेक धबधबा चारी बाजूंनी.

“दोष कळल्याशिवाय गाडी काढणं बरं नव्हे,” काका म्हणाले. गॅरेजवाले लुबाडतात, म्हणून दोष मोबाइलवर आपणच वाचायचा असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी एक अ‍ॅप आणि गाडीला जोडायचा अडॅप्टर हवा होता. एक अडॅप्टर फोनला चाले पण अ‍ॅपला नाही, दुसरा अ‍ॅपला चाले पण फोनला नाही. अ‍ॅप बदललं की पुन्हा पहिल्यापासून. काका रोज लोकांचे अभिप्राय वाचत आणि समाधानानं मान हलवत.

“तोवर मी चालत जाऊ का?” काकूनं विचारलं.

“घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते गं.”

शेवटी काकूच गाडीच्या सामानाच्या दुकानात गेली. आपला स्वस्तातला स्मार्टफोन काउंटरवर ठेवून म्हणाली, “याला चालेल तो द्या. अ‍ॅपही तुम्हीच टाका.”

घरी येऊन तिनं स्टिअरिंगखाली अडॅप्टर बसवला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असावं, असं फोननं सांगितलं. तिनं ते आवळलं आणि अ‍ॅपमधून दोषाची नोंद पुसली. दिवा विझला.

काकांनी वाकून डॅशबोर्ड पाहिला.

“यात टायरचं कळतं का गं?”

“नाही. टायर मी पाहिलेत. शर्ट बदला.”