कोच विचारत नाहीत

व्हर्लिन कास्टन आमच्या गावात आले की आधी शाळेत माझ्याकडे येऊन कॉफी मागायचे. मी इथे गणित शिकवतो. ते आमच्या मोन्टाना राज्यातल्याच एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी तेवीस वर्षं पोरं शोधत फिरत होते. आमच्या राज्यात माणसांपेक्षा गुरं जास्त. एक पोरगा बघायला हा माणूस चार तास एकटा गाडी हाकायचा. आमच्या शाळेत अकरा जण जमत नाहीत, म्हणून आम्ही सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतो. बाहेरचे कोच त्याला हसतात. व्हर्लिन कधी हसले नाहीत.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मोटेलच्या खोलीत आवाज हवा म्हणून टीव्ही लावून ठेवतो, असं एकदा म्हणाले होते. मला फार वाईट वाटलं होतं.

वसंतात ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना आमच्या शाळेतला क्लेटन स्टेनरुड संघासाठी हवा होता. तेवीस वर्षांत असा पोरगा पाहिला नाही, असं मला म्हणाले, त्याला नाही. चार वेळा त्याच्या घरी गेले. गुरांचं बोलले, गवताचं बोलले, फाटकाची बिजागरी बसवून दिली. आमच्याकडे कुणाला तुझी गुरं किती, असं विचारणंही असभ्य समजतात. मग 'येतोस का आमच्याकडे?' हे कसं विचारणार? ज्याला यायचंय तो आपणहून सांगेल, ही इथली रीत.

डिसेंबरात पाचव्यांदा आले तेव्हा क्लेटनच्या आईनं, आर्लीननं, मलाही जेवायला बोलावलं होतं. मांस वाढता वाढता ती म्हणाली, "कोच, यानं परवा शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाला शब्द दिलाय."

व्हर्लिननी सुरी खाली ठेवली. "चांगलं विद्यापीठ आहे."

"तुम्ही एकदाही ये म्हणाला नाहीत!" क्लेटन उसळला. "मला वाटलं, मी तुमच्या कामाचा नाही."

"अरे, चार तास गाडी हाकत कुणी गवताची चौकशी करायला येतं का?"

"मला काय माहीत? त्यांच्या माणसानं दहा मिनिटांत विचारलं."

मला राहवलं नाही. "करारावर सही व्हायला अजून दोन आठवडे आहेत. या धंद्यात तोंडी शब्द कोण पाळतो?"

मग क्लेटन हळूच म्हणाला, "आता विचारा ना, कोच."

व्हर्लिननी त्याच्याकडे पाहिलं. "शब्द दिलायस?"

"हो."

"मग आता नाही विचारत."

मला त्यांचा असा संताप आला! बाहेर गाडीपाशी मी म्हणालो, "निदान तो तुम्हाला हवा होता, एवढं तरी सांगून जा त्याला."

"ते म्हणजे विचारल्यासारखंच की," व्हर्लिन म्हणाले. ते काचेवरचा बर्फ खरवडत राहिले. क्लेटन खिडकीत उभा होता. त्यांनी टोपीला हात लावला आणि निघून गेले.