गच्चीवरचा फायबरचा डबा

आज आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला फायबरचं ठिगळ लावत होते. रेझिनचा तो नाकात चढणारा गोडसर वास आला आणि मी थेट कांजूरमार्गच्या जुन्या गच्चीवर पोचले.

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढायचं. त्याला बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून मी घरीच फायबरचा डबा करत होते. थर्मोकोलच्या साच्यावर पॅकिंगची टेप गुंडाळून झाली होती. रेझिनमध्ये हार्डनर मिसळलं आणि तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"बंद कर हे. केवढा वास मारतोय! आणि मुलीच्या जातीला हे धंदे कशाला?"

"काका, आता थांबले तर याचा दगड होईल. सगळं वाया जाईल."

"जाऊ दे ना मग!"

आई तिथेच कपडे वाळत घालत होती. त्यांच्यापुढे ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिने बादली बाजूला सारली, माझ्याकडचे जादा हातमोजे चढवले आणि ब्रश उचलला.

"कुठे लावायचं गं?"

सेक्रेटरी पाय आपटत जिना उतरेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तेव्हा वाटलं होतं, मी जिंकले. आता कळतं, मी तर नोकरीसाठी बाहेरगावी जाणार होते. त्या जिन्यात त्यांना रोज सामोरं जायचं होतं ते तिला.

डबा ओबडधोबड झाला, पण गाडीत घट्ट बसला. रविवारी आई पुढच्या सीटवर बसली. गेटपाशी सेक्रेटरी उभे दिसले, तशी मी गाडी हळू केली.

"घाबरतेस काय?" आई म्हणाली. "हॉर्न वाजव."