रुग्णाच्या शब्दांत

रोहिणी आमच्या घरातून कधी सरळ बाहेर पडली नाही. बूट घालून झाले, पर्स खांद्याला लागली, "येते हं वहिनी" म्हणून झालं, की ती पुन्हा खाली बसायची. जपानी घरात दाराच्या आत बूट काढायची एक खोलगट जागा असते, तिला गेनकान म्हणतात. तिथून घरात चढायला एक पायरी असते. त्या पायरीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अर्धा मिनिट गप्प. मग उठायची आणि जायची. पहिल्यांदा मला वाटलं हिला चक्कर आली. दुसऱ्यांदा वाटलं हिला आणखी चहा हवाय. तिसऱ्यांदा मी विचारलंच.

"तिकडची सवय आहे, दादा," ती म्हणाली. "आमच्या होस्टेलची मेट्रन म्हातारी होती. रशियन बोलायची. सुट्टीला घरी निघालं की बॅगेवर बसवायची आम्हाला. निघायच्या आधी गप बसायचं. बसलं की विसरलेलं आठवतं, म्हणायची."

तिकडे म्हणजे बिश्केकला, किर्गिझस्तानात. लातूरजवळच्या एका गावातली ही मुलगी बारावीनंतर डॉक्टर व्हायला तिथे गेली आणि सहा वर्षांनी डिग्री घेऊन परतली. परदेशात शिकून आलेल्यांना आपल्याकडे एक परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. रोहिणी ती तीनदा नापास झाली. मग लग्न झालं, नवऱ्याला तोक्योत नोकरी लागली आणि ती हिगाशी-कसाईत आमच्याच इमारतीत, आमच्या दोन मजले खाली राहायला आली. मी तिला ओळखू लागलो तेव्हा ती चौतीस वर्षांची होती आणि स्टेशनपलीकडच्या एका वृद्धाश्रमात अरुबाइतो करायची, म्हणजे अर्धवेळ काम. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. नाव सांगताना ती नुसतं रोहिणी सांगायची. डॉक्टर हा शब्द तिच्या तोंडून स्वतःबद्दल कधी ऐकला नाही.

आमच्या लोकांनी मात्र तो सोडला नव्हता. शेजारच्या निशी-कसाईत गणपतीच्या जेवणाला पुण्या-मुंबईची चाळीस कुटुंबं जमतात, तिथे तिच्यामागे "रशियन डॉक्टर" असं नाव पडलं होतं. ते पाडण्यात माझाही हात होता. माझ्या जिभेला हाड नाही, ऑफिसात ते खपून जातं. एकदा पंगतीत मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तिकडे माणसं तपासायला शिकवतात की घोडे?" सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "घोडेसुद्धा तपासले असते दादा, पण ते तक्रार सांगत नाहीत ना." आणि वाढायला उठून गेली. माझी बायको मृदुला त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

रोहिणी आमच्या घरातली झाली ती आप्पांमुळे. आई गेल्यावर वडिलांना मी बार्शीहून इकडे घेऊन आलो. आप्पा छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. मधुमेह जुना, रक्तदाब वरखाली, आणि बोलायला दिवसभर कुणी नाही. रोहिणी कामावरून परतताना चारच्या सुमाराला वर यायची, रक्तदाब बघायची आणि एका निळ्या वहीत लिहायची. तारीख, आकडे, आणि शेवटी एक रकाना, तक्रार. त्यावरून पहिल्याच दिवशी दोघांची दोस्ती झाली.

"काय लिहिलंत?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच. 'डावा गुडघा बोलायला लागलाय.'"

"अहो, गुडघेदुखी लिहा की सरळ."

"तुम्ही दुखतो कुठं म्हणालात?" ती म्हणाली, आणि मग तिने ती गोष्ट सांगितली, जी नंतर मी तिच्याकडून अनेकदा ऐकली. तिसऱ्या वर्षात वॉर्डात पहिला पेशंट मिळाला. एक रशियन म्हातारी. हिने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारपूस केली आणि कागदावर लिहिलं, छातीत दुखतं. वॉर्डात शिकवणाऱ्या बाई आल्या, कडक होत्या, त्यांनी म्हातारीला पुन्हा विचारलं. म्हातारी म्हणाली होती, छातीवर दगड ठेवलाय. बाईंनी हिचा कागद सगळ्यांसमोर फाडला. "ती दगड म्हणाली. दुखतं म्हणाली का? दगड म्हणाली तर दगड लिही. पेशंटचा शब्द बदलायचा अधिकार तुला कुणी दिला?"

व्याकरणाच्या मास्तरांना याहून आवडेल असं काय असणार! आप्पांनी त्या दिवसापासून तिला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. ती अवघडायची. "नका ना ओ म्हणू, आप्पा. मी पास नाही." आप्पा म्हणायचे, "मी माझा शब्द वापरतोय. बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

दोघांना शब्दांचं वेड. एकदा तिने सांगितलं, जपानीत यामा म्हणजे डोंगर आणि रशियनमध्ये यामा म्हणजे खड्डा. आप्पा खूश. म्हणाले, "आणि आमचा यम तुम्ही डोंगरावर असा की खड्ड्यात, पत्ता बरोबर शोधतो." मी लॅपटॉपमागून हे ऐकायचो. बसायचो नाही त्यांच्यात, मीटिंग असायची.

तो शनिवार होता. दुपारी जेवण झाल्यावर आप्पा आडवे झाले आणि म्हणाले, "विनू, कसंसं होतंय रे." मी म्हटलं, पुरणपोळी दोन खाल्लीत, होणारच. अॅसिडिटीची गोळी दिली. चारला रोहिणी आली. रक्तदाब थोडा कमी होता, फार नव्हे. वहीत लिहून ती निघाली, बूट घातले आणि पायरीवर बसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मग बूट काढून परत आत आली.

"दादा, आप्पांना हॉस्पिटलला न्यावं लागेल. अँब्युलन्स बोलवा."

"अगं, अॅसिडिटी आहे."

"ते अॅसिडिटी म्हणाले नाहीत. कसंसं म्हणाले."

"मग?"

"आप्पा कधी असं मोघम बोललेत? त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला नाव असतं. आज त्यांना नाव सापडेना. आणि कपाळ गार लागतंय, हात लावून बघा."

मी हात लावला नाही. मी क्लिनिकला फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं काय होतंय. आता 'कसंसं होतंय' याला जपानीत काय म्हणणार? अठरा वर्षं मी इथे आहे, माझं जपानी उत्तम आहे असं सगळे म्हणतात. मी सफाईदारपणे सांगितलं, पोटात जळजळ होतेय, जेवण जरा जड झालं. त्या म्हणाल्या, सोमवारी या. मी विजयी मुद्रेने फोन ठेवला.

"तुम्ही शब्द बदलला, दादा," रोहिणी म्हणाली. तिचा आवाज वाढला होता. तो मी पहिल्यांदाच ऐकला. "ते जळजळ म्हणालेच नाहीत. साखरेच्या पेशंटला छातीत दुखतच नाही कधी कधी. प्लीज. बोलवा ना."

आणि मी म्हणालो, "तू काय डॉक्टर आहेस का?"

मृदुला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आप्पांनी डोळे मिटले होते, पण ते जागे होते. रोहिणीने पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि अँब्युलन्सचा नंबर लावला. वृद्धाश्रमात शिकलेलं तिचं साधं जपानी, वाक्यं लहान लहान. शहात्तर वर्षांचे आजोबा. मधुमेह. गार घाम. काय होतंय ते त्यांना सांगता येत नाही, आणि हे असे गृहस्थ आहेत की ज्यांना नेहमी सांगता येतं. पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"नाही," ती जपानीत म्हणाली, "डॉक्टर नाही. शेजारी आहे."

हृदयविकाराचा झटका होता. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लवकर आणलंत, चांगलं केलंत. आणि मी मान लववून त्यांचे आभार मानले. मी! त्या मान लववण्याची लाज मला आजही वाटते. दोन खुर्च्या सोडून रोहिणी बसली होती, मृदुलाचा हात धरून.

त्यानंतर आप्पा आठ महिने जगले. ते आठ महिने रोहिणीने दिलेले आहेत, यात मला काडीचाही संशय नाही. ती पूर्वीसारखीच चारला यायची, पूर्वीसारखीच मला दादा म्हणायची. मी माफी मागितली नाही. आज मागू, रविवारी मागू करत राहिलो. तिच्या वागण्यात काही फरक दिसेना, तेव्हा ती विसरली असेल अशी स्वतःची सोयीस्कर समजूतही करून घेतली.

आप्पांनी मात्र तिचा पिच्छा धरला. परीक्षा पुन्हा द्या. तिची जाडजूड पुस्तकं वर आणवली आणि रोज वीस प्रश्न विचारायला लागले. इंग्रजी औषधांची नावं बार्शीच्या उच्चारात वाचायचे, चार पर्याय खड्या आवाजात द्यायचे, चुकलं की "बाकावर उभ्या राहा" म्हणायचे. एकदा ती खरोखरच सोफ्यावर उभी राहिली. फॉर्म भरायचा विषय निघाला की पुस्तक मिटायची. "चौथ्यांदा नापास झाले तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, आप्पा. तीनदा निकालात माझा नंबर शोधून दमले माझे वडील." आप्पा म्हणायचे, "मी बाराशे मुलं शिकवली. नापास झालेलीच मला जास्त आठवतात, आणि त्यांतली बरीच नीट चाललीत." ती हसायची, पण फॉर्म भरायची नाही.

आप्पा नोव्हेंबरात गेले, सकाळी, हॉस्पिटलमध्ये. आदल्या दिवशी रोहिणी त्यांना भेटून आली होती, वही घेऊन. दहा दिवस झाल्यावर तिने रक्तदाबाचं यंत्र आणि ती निळी वही आणून दिली. "आता ही तुमच्याकडं राहू द्या," म्हणाली. पुस्तकं ती आपल्या घरी घेऊन गेली नाही. ती आमच्याच सोफ्याखाली राहिली.

मी वही उघडली ती खरं सांगायचं तर एक वाक्य शोधायला. त्या शनिवारचं पान काढलं. आकडे होते, वेळ होती, आणि तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द होते, 'कसंसं होतंय'. 'तू काय डॉक्टर आहेस का?' हे माझं वाक्य नव्हतं. मग मी पहिल्या पानापासून वाचत गेलो. 'झोप लागली पण झोपलो नाही.' 'जिभेला बार्शीची आठवण येतेय.' 'विनू येतो, विचारतो, बसत नाही.' हे त्या शनिवारच्या आधी तीनदा होतं. नंतरच्या एका पानावर होतं, 'आज विनू अर्धा तास बसला. तक्रार नाही.' माझे वडील ज्या गोष्टी मला सांगत नव्हते, त्या त्यांनी या मुलीला सांगितल्या होत्या आणि तिने एक काना-मात्रा न बदलता लिहून ठेवल्या होत्या. मी रडलो. मोठ्याने रडलो, मृदुला धावत आली.

शेवटचं पान हॉस्पिटलमधलं होतं. तिच्या बारीक अक्षरात आप्पांचं वाक्य होतं: 'मला काही होत नाहीये. डॉक्टरीणबाई फॉर्म भरत नाहीत, ही माझी तक्रार आहे. लिहा.'

आणि तिने लिहिली होती. स्वतःविरुद्धची तक्रार, जशीच्या तशी.

वही घेऊन मी दोन मजले खाली गेलो. ती भाजी निवडत होती. मी ते पान तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "तक्रार लिहून घेतलीस. उपचार काय केलास?" तिने भाजीची परडी बाजूला सारली. मग तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला लॅपटॉप आणायला सांगितला.

जानेवारीत ती लातूरला गेली. परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. "पेपर कसा गेला?" या प्रश्नाला तिने एका शब्दात उत्तर पाठवलं, "कसासाच", आणि पुढे हसण्याचं चित्र. निकाल काहीही लागो, आमच्या घरात तिला काय म्हणायचं ते आप्पांनी ठरवून दिलेलं आहे.

ती निघाली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिच्या घरी होतो. बॅगा दाराशी होत्या. नवरा टॅक्सी थांबवायला खाली गेला होता. तिने बूट घातले आणि पायरीवर बसली. मृदुला तिच्या एका बाजूला बसली. मी दुसऱ्या बाजूला, गुडघे छातीशी घेऊन, कारण गेनकान दोघांपुरतीच होती. बसलं की विसरलेलं आठवतं म्हणतात. मला आठवायची गरज नव्हती, मी ते विसरलोच नव्हतो.

"रोहिणी," मी म्हटलं, "त्या शनिवारी मी तुला जे बोललो..."

मी तिच्या बॅगेचा पट्टा उगाच ताणून बघितला.

"दादा, वही सगळी वाचलीत ना तुम्ही?" तिने विचारलं.

"वाचली."

"मग ते कुठं लिहिलंय त्यात?"

ती उठली, एक बॅग तिने घेतली, एक मृदुलाने. मी त्या पायरीवर आणखी थोडा वेळ बसून राहिलो.