कुठवर आलं?

दवाखान्यातले किस्से साठतात ते पडून राहिल्यामुळे. मी टीबीच्या वॉर्डात चौदा महिने पडून होतो, तेव्हा माझ्याकडे किती साठले असतील ते तुम्हीच बघा! आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. नाशिकच्या बाहेर एक जुना दवाखाना, त्यात आमचा आठ खाटांचा वॉर्ड आणि खिडकीखाली पुस्तकांची पत्र्याची ट्रंक. वॉर्डात शिरलेलं पुस्तक पुन्हा बाहेर जायचं नाही, असा नियम. जंतूंची भीती. माणसं मात्र जायची, काही पुढच्या दाराने, काही मागच्या.

चार वाजता सिस्टर ताप बघून गेली की आम्ही एकमेकांना विचारायचो, "कुठवर आलं?" ज्याने त्याने आपलं पान सांगायचं, काय वाचलं ते सांगायचं. तापाचा आकडा कोणी कोणाला विचारायचा नाही. हातातलं पुस्तक संपेपर्यंत तरी आपण राहावं, एवढीच प्रत्येकाची मागणी होती.

*

एका रहस्यकथेवर सगळ्यांच्या उड्या. तिचं शेवटचं पान कोणीतरी पुडी बांधायला फाडलेलं. ते शाबूत असताना वाचलेला एकच माणूस उरला होता, सात नंबरच्या खाटेवरचे शिंपी. त्यांचा घसा धरलेला, डॉक्टरांनी बोलायची बंदी केलेली. आम्ही एकेक नाव घ्यायचो, ते मान हलवून नाही म्हणायचे. सगळी नावं संपली तरी नाहीच. माझ्या शेजारच्या खाटेवरचा पगारे म्हणाला, "मग काय, लेखकानेच मारला का?"

शेवटी त्यांच्या हातात पाटी दिली. त्यांनी लिहिलं, "बरा झालो की सांगेन."

शिंपी बरे झाले नाहीत. खुनी अजून मोकळा आहे.

*

कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायचे. "मधूनच उठावं लागलं तर? शेवट तरी पदरात पडू दे." अशी त्यांनी निम्मी ट्रंक वाचली. एक दिवस डॉक्टर म्हणाले, फुप्फुस साफ आहे, घरी जा. आम्हाला वाटलं, आता पेढे मिळणार. कुलकर्णी मात्र तोंड पाडून बसले. म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर सगळी नीट वाचली असती हो!"

*

सिस्टर कडक. ताप असताना वाचायचं नाही, म्हणून माझ्या हातातली कादंबरी तिने ओढून घेतली. मी दोन दिवस तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेऊन आली तर तिचे डोळे सुजलेले. मी विचारलं, "सिस्टर, कुठवर आलं?"

"एकशे दहा," ती म्हणाली. "आणि पुढचं सांगाल तर जाड सुई घेईन."

*

पगारे माझ्याच वयाचा, कचेरीत कारकून. त्याला एका पुस्तकात तीन खुणा सापडल्या. एक काडी, एक बसचं तिकीट आणि एक सुकलेलं लिंबाचं पान. तीन माणसं तीन ठिकाणी थांबली होती. त्या खुणा आम्ही कधी काढत नसू. पगारेने वाचायला घेण्याआधीच केसपेपरचा तुकडा फाडून शेवटच्या पानात घातला. म्हणाला, "निदान एकाची तरी शेवटाला असू दे."

तो एकशे तेविसाव्या पानापर्यंत पोचला. असा मधेच गेला म्हणून मला त्याचा फार राग आला होता. शिंपी गेले तेव्हा वाईट वाटलं होतं, पगारे गेला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. त्याचा तुकडा मी शेवटच्या पानातच राहू दिला.

*

कळवणकडचे अहिरे गुरुजी आणि सुरगाण्याचा सोमा यांच्या खाटा शेजारी. सोमा नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारा शेतकरी, त्याला अक्षर येत नव्हतं. गुरुजी रोज दुपारी त्याला एका खलाशाची जाड कादंबरी वाचून दाखवायचे. समुद्रात वाट चुकलेला खलाशी घरी परत निघालाय, अशी गोष्ट. दोघांपैकी कोणीच समुद्र पाहिला नव्हता. चार वाजता सोमाच ऐटीत सांगायचा, "आमचं दोनशे पाच."

पावसाळा सरता सरता गुरुजींना पुस्तक धरवेना. पन्नासेक पानं उरलेली. एका सकाळी डॉक्टर त्यांना तपासून आमच्याकडे न बघताच निघून गेले, तेव्हा आम्ही काय ते समजलो. दुपारी गुरुजी म्हणाले, "तो घरी पोचतो का, एवढं कळलं असतं तर बरं होतं."

मी पुस्तक घ्यायला उठलो. तोवर सोमा स्टूल ओढून बसलाही होता. "रोज त्याहीच वाचलं ना, भाऊ. आज मी वाचतो. मला काय येत नाय व्हय?"

त्याने खुणेचं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागला. वादळ थांबलं. लांब डोंगर दिसला. जहाज काठाला लागलं. खलाशी जीपमध्ये बसला, घाट चढला, फाट्यावर उतरला आणि नागलीच्या बांधावरून चालत निघाला. वॉर्डात कोणी हसलं नाही. मला रडू यायला लागलं म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

"घर आलं," सोमा वाचत होता. "बायको दारातच हुबी हाय. भाकरी टाकायची सोडून आलीय."

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "सोमा, मधे मधे पान उलट."