चतुराच्या फोटोतली बोटं

ट्रंकेतून थोरल्या भाऊंच्या कॅमेऱ्याची चामडी पिशवी निघाली. तिच्या कुबट वासासरशी मी अमळनेरच्या शेतात जाऊन पोचले.

त्या इवल्या कॅमेऱ्यात आजूबाजूचंही पुष्कळ यायचं, म्हणून भाऊ अगदी जवळ वाकून कापसाच्या पऱ्हाटीवरच्या चतुराचा फोटो काढत होते. धाकटी सोनी फांदी धरून उभी होती. "भाऊ, मना बी फोटू काढ ना!"

बांधावरून आई ओरडली, "पोरना फोटू नको काढू रे, उमर घटस!"

भाऊंनी सोनीला बाजूला सरकवलं.

त्याच हिवाळ्यात सोनी तापानं गेली. उमर घटायची ती फोटोविनाही घटली.

फोटोत चतुराचे फडफडते पंख म्हणजे नुसता धूर. कडेला मात्र सोनीची बोटं स्वच्छ आली आहेत. म्हातारपणी आई त्यांवरून अंगठा फिरवत विचारायची, "तिन्हं तोंड कसं व्हतं वं?"

मी काहीबाही सांगायचे. आता मलाही आठवत नाही.