नानांची सीडी आणि एक वाजताची गोळी

नाना गेले, आणि अक्कांनी बीपीची गोळी बंद केली.

बायको कुणाची? नानांचीच. मग ती कुणाचं ऐकते!

"देनारा गया, आते कसानी गोळी," एवढंच म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या. मला रोज धडकी भरायची.

आज नानांचं उत्तरकार्य झालं. फोटोला हार घालून सगळे पांगले, पण या माणसाबद्दल मला नीट सांगायचंय.

मेहरूणमध्ये नानांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, शेजारी माझं डीटीपी. मधली भिंत प्लायवूडची. त्यांचं सगळं मला ऐकू यायचं, माझं त्यांना.

तेव्हा गावोगावी कॉम्प्युटर पोचले होते, पण नेट नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीम टाका, मग मराठी फॉन्ट, मग प्रिंटरचा ड्रायव्हर...
पहूरचा फोटोवाला सीपीयू मोटरसायकलला बांधून आणायचा, आणि घरी पोचला की लगेच फोन. "नाना, प्रिंट निंघत नही!"

नाना वैतागले.

"लोकेसले कॉम्प्युटर नही जोयजे ताई, काम जोयजे."

आणि स्वतःची सीडी बनवायला बसले.

फुकटची लिनक्स सिस्टीम घेतली. आपल्या मशीनवर सगळं बसवलं. मराठी फॉन्ट, कीबोर्ड, ऑफिस, पासपोर्ट फोटो कापायचा प्रोग्राम, इकडे चालतात त्या सगळ्या प्रिंटरचे ड्रायव्हर. मग त्या अख्ख्या मशीनचीच इन्स्टॉल सीडी काढली.

सीडी घाला, चहा घ्या, कॉम्प्युटर कामाला तयार.

"आशी सीडी पुनामाबी नही," असं ते स्वतःच सांगत फिरायचे. नम्रपणा आणि नाना यांचं कधी जमलं नाही. पण सीडी खरंच तशी होती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

फक्त एक घोळ झाला.

आपल्या मशीनची कॉपी काढायची तर आधी आपलं खासगी पुसायचं असतं. ते राहिलं. नानांनी स्वतःसाठी रोजची एक आठवण लावून ठेवली होती, तीही सीडीत गेली.

मग काय! पहूरच्या स्टुडिओत, भुसावळच्या टायपिंग क्लासमध्ये, धुळ्याकडच्या शाळांत, दुपारी एक वाजला की स्क्रीनवर मोठ्ठ्या अक्षरांत यायचं:

अक्कानी गोळी!

म्हणजे अक्कांची बीपीची गोळी, ती रोज नानाच द्यायचे. लोकांनी फोन करकरून उच्छाद मांडला. "नाना, गोळी दिधी का?" भिंतीपलीकडे मी हसून हसून बेजार.

नाना नवी सीडी काढायला निघाले होते. अक्का डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनीच अडवलं.

"ऱ्हाऊ द्या. तुम्ही इसरनात ते लोके सांगतीन."

राहू दिलं. पुढे सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला, तरी प्रत्येक नव्या कॉपीत ती आठवण नाना मुद्दाम ठेवायचे.

"तो मना शिक्का शे," म्हणायचे.

सुतकात कुणी फोन केला नव्हता. स्क्रीनवर रोज येत असणार, पण बोलणार कसं?

आज पंगत बसली होती. अक्का कोपऱ्यात, नानांचा मोबाईल मांडीवर.

एक वाजला आणि मोबाईल वाजला.

पहूरचा फोटोवाला. आवाज चाचरत होता.
"अक्का... स्क्रीनवर उनं. गोळी लिधी का?"

अक्का फोन ठेवतात तोच भुसावळच्या क्लासच्या बाई. मग धुळ्याकडचे गुरुजी. मग आणखी कुणी.

शेवटी अक्का चिडल्या. "काय कटकट शे बठ्ठासनी!"

डोळे पुसले, माझ्याकडे हात केला.

"ताई, पाणी दे."

घेतली गोळी.

मी तिथेच रडले. लाज कसली त्यात.

नाना, तुमची सीडी चालू आहे.

तुम्ही निवांत जा. गोळीचं आम्ही बघतो.